डोकं टेकायची जागा

कूलर बंद केला आधी.
सीताबर्डीच्या तळघरात, मे महिन्यात.
पण वाळ्याच्या ओल्या वाऱ्यातूनही धूळ येते,
आणि धुळीचा एक कण
या तबकडीपुढं रामटेकचा डोंगर.

बाकावर हेडाऊंची हार्ड डिस्क,
गोळीबार चौकातून दुपट्ट्यात गुंडाळून आणलेली.
आत चौदा वर्षांच्या किनारी, पदर,
चौकटी भरून काढलेले मोर.
"अजी मॅडम, तीन वर्सं कपाटातच होती.
कोनं हात बी नाई लावला. खराब काहून होईन?"

हात नाही लावला, म्हणूनच.

वीज दिली. बारीक कण्हली, फिरली नाही.

तबकडीवर तेल असतं, हेडाऊजी.
बोटाला लागणार नाही, दिसणार नाही,
रेणूवर रेणू मावेल न मावेल इतकंच.
धोट्याला तुम्ही देता त्या एका थेंबात
अशा हजार-दोन हजार तबकड्या न्हातील.
कमी पडलं की डोकं घासतं, मोरांची भुकटी होते.
जास्त झालं की चिकटतं.
तीन उन्हाळे, वर पत्रे;
बसल्या डोक्याभोवती तेल सरकत आलं,
भर दुपारी सगळं गाव
एकाच कडुलिंबाखाली यावं तसं.

उईके सर म्हणायचे,
दोन फार गुळगुळीत गोष्टी एकमेकींवर टेकवू नकोस,
मग सोडत नाहीत.
म्हणून कारखान्यात मुद्दाम फोड उठवतात
तबकडीच्या एका पट्ट्यावर,
डोकं टेकायची जागा म्हणून.
तुमची त्या दिवशी लाइन गेली असणार.
डोकं तिथवर पोचलंच नाही,
मोरावरच बसलं.

झाकण काढलं. तबकडीत माझंच तोंड,
नाकाच्या शेंड्यावर घाम.
नाक मागं घेतलं.
मधला आस चिमटीत धरून
केसभर उलटं, केसभर सुलटं,
श्वास नाही.

सुटलं. आवाज झाला असेल, नसेल.

पहाटे तीनपर्यंत नक्कल चालली.
हेडाऊ जिन्यात बसून, चपला वरच्या पायरीला.
"पुन्हा असं नाई व्हाव म्हून काय करू?"
महिन्यातून एकदा फिरवत जा.
"मागासारखंच म्हना."

सगळं आलं.
एका मोराचं पोटापासून खालचं नाही आलं,
तिथं नुसता ओरखडा.
मी पडदा त्यांच्याकडं वळवला, बोलले नाही.
त्यांनी चष्मा वर केला, बघितलं बराच वेळ.

"राहू द्या," म्हणाले,
"तेवढं हाताले याद हाय."