नाला क्रमांक अकरा

तक्त्यात तिचं नाव नाला क्रमांक अकरा.
रकाने पाच: लांबी, रुंदी, गाळ, मुख, उगम.
चार भरायचे होते मला सोमवारपर्यंत.
पाचव्यात दरवर्षी कुणीतरी आडवी रेघ मारून सही करतं.

टेपचं शून्याचं टोक हसुराम मढवींच्या हातात,
त्यांच्या निवृत्तीला एकवीस दिवस.
मुखापासून सुरू करू म्हटलं, तर हसले.
"मुख कंचं? भरतीचं का सुकतीचं?"

खाडीपाशी ती वाहते की थांबते, कळत नाही.
तिवरांची मुळं चिखलातून बोटं वर काढून श्वास घेतात,
निवटी अर्धी पाण्यात, अर्धी जमिनीवर,
जिचा सातबारा कुठल्याच गावात नाही.
दिवसातून दोनदा समुद्र आत चालून येतो
धारण तलावाच्या झडपांपर्यंत.
झडपा कण्हतात, मिटतात,
आणि ती आत खोळंबते, पाय पोटाशी घेऊन.

सेक्टरमध्ये ती पट्टीने आखलेली.
सगळी वळणं काढून टाकली,
ह्यालाच इथे वळण लावणं म्हणतात.
एका बसथांब्यापाशी हसुराम थबकले.
"हितं वलन होतं. बाप पाग टाकायचा."
टेप मात्र सरळच धरला त्यांनी.

कारखान्यांच्या मागे ती वार विचारून रंग बदलते.
आम्ही गेलो तेव्हा मंगळवार होता, जांभळा.
ठाणे-बेलापूर रस्त्याखाली तर ती नुसती अंदाज:
सिग्नल लाल असताना, हॉर्नच्या गलक्यात,
डांबरावर टेप अंथरून आम्ही नदी मोजली.
बासष्ट मीटर.

पलीकडे टाकळा, करंजाची सावली,
आणि पहिल्यांदा तिचा आवाज.
मी लिहिलं: रुंदी, एक उडी.

मग डोंगर संपला. म्हणजे पारसिकचा जो अर्धा उरलाय तो.
खाली बंद खाण, काठोकाठ पाणी,
आणि एका चौकोनी दगडावर गोधडी आपटणारी दुरगव्वा.

"सुरुंग उडाला, धूर गेला, तर तळाला वल.
तीन दिवस पंप लावला.
चवथ्या दिवशी मुकादम म्हनला, सोडा."
किती खोल आहे?
"नवऱ्याची पहार बुडाली, तेवढं."

जेवढं पाणी इथे आहे तेवढाच दगड
खाली शहरात उभा आहे.
माझ्या इमारतीचं जोतं ह्यातल्या
कुठल्या कोपऱ्यातून निघालं असेल?
तो कोपरा आता हिरवा आहे,
त्यात एक पाणकावळा बुडी मारतो
आणि मी मोजत राहते, कुठे वर येईल.

हसुराम बराच वेळ गप्प.
"हितं आमच्या बायचा तला होता,
लहान, म्हशी बसायच्या.
खानीनं गिलला."
मग मला नाही, दुरगव्वाला विचारलं,
गावी गेलेल्या माणसाबद्दल विचारावं तसं:
"कवा आला परत?"

ती गोधडी पिळत म्हणाली, आठवत नाही,
धाकटी तेव्हा रांगत होती.

चार हजार एकशे सहा मीटर.
भरतीला नऊशे कमी.
पाचवा रकाना उघडून मी उभी,
पेनाचं टोक कागदावर, शाई पसरत चाललेली,
निळा थेंब, आधी वाटाण्याएवढा.

हसुराम पँट दुमडून गुडघाभर पाण्यात उतरले.
टेपचं शून्य बुडवलं, बोटाने दाबून धरलं.
"आता हितून मोजा."

पुन्हा सगळी? सोमवार आला, काका.

"एकवीस दिवस हायत."