तीनशे सात

टॉवर साठ फुटी, मालक बहात्तर वर्षांचा.
गुडघ्यात स्टील घातल्यापासून चढत नाही.
फणसाखाली खुर्ची टाकून,
कंट्रोलचा डबा मांडीवर घेऊन बसतो
आणि खालून मला शिकवतो, कायतान मास्तर,
तीस वर्षं बोटींवर रेडिओ ऑफिसर:
"सगुण, पाइप नव्हे रे ती. डोलकाठी म्हण."

बरं. डोलकाठी.

ती रोटेटरमध्ये सरळ बसलेलीच नव्हती.
वरचं बेअरिंग एकीकडे, खालचा क्लॅम्प दुसरीकडे,
मध्ये अर्ध्या बोटाची तेढ.
फिरताना नैऋत्येला आली की कण्हायची.
आणि ऑगस्टातल्या एका रात्रीच्या वाऱ्यात
क्लॅम्पमधून गपचूप सरकली.
खाली काटा म्हणायचा वायव्य,
वर अँटेना बघत होती डिचोलीच्या खाणींकडे.

तीन महिने हा माणूस रोज पहाटे
लिस्बनला हाका मारत होता
आणि त्या जात होत्या लाल मातीच्या ढिगांवरून
सरळ तिबेटात.
"आवेलिनो बोलत नाही," मला म्हणाला होता,
"एक तर बँड मेला, नाहीतर आवेलिनो."

काम तसं साधं.
घट्ट करण्याआधी सगळं सैल करायचं.
गवंड्याचा ओळंबा सोडायचा, वारा पडेपर्यंत थांबायचं,
डोलकाठी बेअरिंगवर नुसती लटकत ठेवून
एक पूर्ण फेरी, हळू,
तिची तिला मधली जागा सापडू द्यायची.
मग समोरासमोरचे बोल्ट, थोडा हा, थोडा तो,
कुणालाच एकदम आवळायचं नाही.

केसभर कमी पडत होतं. वरून ओरडलो, पत्रा!
आर्लेतबायने सार्डिनचा डबा आणला,
पोर्तुगालहून आलेला, नाताळसाठी राखलेला.
उघडला. मासे बशीत,
झाकण कापून, धुऊन, बादलीतून दोरीने वर.
तरी तेलकटच.
तीन घड्या घालून क्लॅम्पमध्ये सारलं,
त्यावर निळ्या शाईतला अर्धा मासा.

होकायंत्र टॉवरजवळ खोटं बोलतं.
"दिवाडीचं चर्च दिसतं?"
"दिसतं."
"बूम त्याच्यावर धर. बंदूक रोखल्यासारखी नको,
पोराला बोट दाखवतो तशी."
खाली त्याने काटा जुळवला, एकशे एकतीस.
"आता हात काढ."

फिरली. दक्षिण गेली. नैऋत्य आली.
मी पट्टा धरून श्वास रोखला.
कण्हली नाही.

"तिकडे काय आहे हो, नैऋत्येला?"
"मोझांबिक. पाय माझा तिथे पुरलाय.
तिकडे बोलायला कुणी नाही आता.
फिरताना वाटेत लागतं, एवढंच."
मग स्वतःशीच आकडे मोजत गेला:
कुवेत तीनशे पाच. लिस्बन तीनशे सात.
स्विंडन, भाच्याचं, तीनशे वीस.
"बघ, गावातून गेले ते सगळे
एका अँटेनेच्या कुशीत मावतात."

मी उतरलो तेव्हा तो कीवर होता.
तीनदा हाक. थांबला. पुन्हा तीनदा.
एक इटालियन आला, हवापाण्याचं बोलून गेला.
कुवेतहून कुणी कुडचड्याचा, घाईत, ड्यूटीवर.
आवेलिनो नाही.
अर्धा तास. एकदा खरखर जरा सरकल्यासारखी वाटली,
ती खरखरच होती.

हेडफोन काढून त्याने कान चोळले.
"ठीक," म्हणाला, "आता गप्प आहे
तो तिथेच गप्प आहे."
आणि मला पैसे मोजून दिले, वर पन्नास जास्त,
ओळंब्याचे म्हणून.

पावात सार्डिन घालून दिल्या आर्लेतबायने.
त्या रायबंदरच्या फेरीत उभ्यानेच खाल्ल्या,
बोटांना ग्रीसचा वास, तोंडात मीठ.
मागे वळून पाहिलं.
माडांच्या वर तो फिरवत होता तिला,
काम नसताना, उगाच.
बूमच्या टोकाला एक घार बसलेली.
उडाली नाही.
नैऋत्येवरून तशीच, बसल्या बसल्या,
फिरत गेली.