तांब्याची जाळी

मे महिना. वर परभणीला चव्वेचाळीस,
खाली तळघरात आम्ही बाविसावर.
यंत्राला ऊन सोसत नाही, रस्त्यावरून ट्रक गेलेला सोसत नाही,
एकदा कुणी दारावर थाप मारली
तर अख्खा फोटो हलला.

बाटलीतला तुकडा उडदाच्या डाळीएवढा.
चिठ्ठीवर: पुरुष, बावन्न, उजवं फुप्फुस, खालचा भाग.
नाव नाही. नाव नसतंच.
धंद्याच्या रकान्यात मात्र कुणी घाईनं लिहून गेलेलं,
कल्हई.

ऑस्मियममध्ये तो काळा झाला,
राळेत बुडाला, दोन दिवस साठ अंशांवर भाजला,
शेवटी मधाच्या रंगाच्या खड्यात अडकला.
हिऱ्याच्या सुरीनं मी काप काढते.
मिरखेलकर मॅडम नव्या पोरांना सांगतात,
एक केस उभा चिरा, हजारदा.
पोरं हसतात. मग चिरायला बसतात.

काप पाण्यावर तरंगतात.
सोनेरी आला तर जाड, टाकून द्यायचा.
चंदेरी आला की श्वास धरायचा,
फुंकर लागली की गेला,
आणि काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसानं
हळूच सरकवायचा जाळीवर.
केस माझाच. उजव्या डोळ्याचा.
जाळी तांब्याची, टिकलीएवढी.

तांबं बघून हात थांबला.

कडबी मंडईच्या मागं, चिंचेखाली,
एक माणूस खड्डा खणून भट्टी लावायचा.
तोच हा, असं मी म्हणत नाही.
आईनं मला दोन पातेली देऊन पाठवलेलं.
तो भाता दाबायचा, कोळसा लाल व्हायचा,
नवसागराचा धूर नाकाला झोंबायचा,
कथलाची काडी टेकवली, कापसाचा बोळा एकदा गरकन फिरवला
की पातेल्याचं पोट चांदीचं.
"आता बिनघोर आंबट टाका," म्हणायचा,
"कल्हई गेली की भांडंच माणसाला खातं."

वीज गेली, आली.
पशुपैदास केंद्रातून उसना आणलेला नायट्रोजन
यंत्रात ओतला, वळूंच्या कांड्यांशेजारचा.
खोलीतला दिवा मालवला. हिरवा पडदा उजळला.

फुप्फुसातल्या फुग्यांनाही आतून एक लेप असतो.
काही पेशी तो घड्या घालून जपतात,
कांद्यासारखा, पापुद्र्यावर पापुद्रा,
आणि लागेल तसा फासत राहतात,
म्हणून श्वास सोडला तरी फुगा चिकटून बसत नाही.
इथं त्या पेशी फुटलेल्या.
कांदे पोकळ.
भिंतीला काहीतरी साकळलेलं, करपलेल्या खरकट्यासारखं,
आणि हवेच्या जागेत रक्तपेशी,
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेल्या.

पोरांना विषाणू बघायचा होता.
एका कोपऱ्यात दिसला: गोल, कडेला काटे.
ढवळे ओरडलाच. फोटोवर बाणही काढला.
मॅडमनी चष्मा वर केला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत.
"नाही रे. ही पेशीचीच पिशवी. रोजची, घरातली."
बाण पुसला.
आणखी दोनशे चौकटी बघितल्या. चोर नाही.
उचकटलेलं घर तेवढं.

अहवालात लिहिलं: कण आढळले नाहीत.
लेप नष्ट. भिंती जाड.
कल्हई हा शब्द कुठल्याच रकान्यात बसेना.
संमतीचा कागद वरच्या मजल्यावर, कुलपात.
त्यावर सही कुणाची, मला माहीत नाही,
ती पातेली कुठं गेली तेही.

जाळी डबीत ठेवली, चौथ्या घरात.
ठेवतानाही श्वास धरलेला, सवयीनं.
तसाच धरून जिना चढले.
वर ऊन होतं, रसवंतीचं घुंगरू वाजत होतं.
सोडला.
आत काही चिकटलं नाही.