फसलेली बॅच

आमच्या संघाचा रंग कोणता, असं कुणी विचारलं
तर मला आधी साल विचारावं लागतं.
शहात्तरला काळपट मोरपंखी. मग जांभळा.
अठ्ठ्याहत्तरला असा पिवळा, की पंच म्हणाले,
कुणाला कावीळ तर नाही ना?

शेड चुकलेली बॅच मालकांना फेकवत नसे.
लॅबच्या रजिस्टरात मी लिहायचो, 'विक्रीस अयोग्य',
आणि अकरा शर्ट त्या पिंपात बुडवायचो.
पहिल्या हाफमध्येच घामाबरोबर रंग उतरायचा.
हरलेली माणसं सोमवारी पाळीवर यायची
ती जांभळ्या मानेनं.

भास्वती डायकेम, पावणे.
हॉकी भत्ता चाळीस रुपये, सामन्याच्या दिवशी दोन अंडी.
कारखानीस साहेब सुबक अक्षरात बोर्डावर लिहायचे,
'आपल्या संघाने कडवी झुंज दिली.'
खाली, बारीक: शून्य-आठ.

गोलात मिस्किटा. पॅडमधला कापूस गळून गेलेला,
तिथे फिल्टरचं कापड कोंबलेलं.
गोल झाला की चेंडू हातात घेऊन निरखायचा,
खोट जणू चेंडूतच असावी.
नागप्पन खडकीहून आणलेला; विंगवर वारा,
फक्त चेंडू मागे राहायचा.

आणि हिराजी मढवी.
मैदान म्हणजे त्याच्याच बापाचं खाचर, संपादनात गेलेलं.
मुरूम टाकून, रोलर फिरवून सपाट केलेलं,
तरी डावीकडून चाल करताना एका ठरावीक जागी
त्याचा पाय आपोआप उचलला जायचा.
तिथे बांध होता.
तेवढ्यात चेंडू दुसऱ्याचा.
ह्यावरून त्याला कुणी कधी बोललं नाही.

ऐंशीच्या फेब्रुवारीत मात्र,
कळव्याच्या बॉयलरवाल्यांशी,
हिराजीनं तिथेच पाय उचलला
आणि समोरचा बॅक फसला.
एक-शून्य. आम्ही. पुढे.
मी घड्याळ हातात घेऊन उभा. चार मिनिटं उरली होती
आणि शेजारच्या कंपनीचा भोंगा झाला.
क्लोरीन.
ओले रुमाल नाकाला, वाऱ्याचा अंदाज घेत सगळे पांगले.
मिस्किटा गोलातच.
शिट्टी कुठे वाजलीय अजून, म्हणाला.
कारखानिसांनी पॅडला धरून ओढत नेला त्याला.
सोमवारी बोर्डावर: सामना रद्द.

पुढे संप, मग टाळं, मग लिलाव.
थकबाकीत माझ्या वाट्याला दोन स्टिक आल्या.
एकीवर काही वर्षं वालाचा वेल चढला.
दुसरी मोरीच्या दाराला अडसर म्हणून अजून आहे.

आता तिथे खिडक्या नसलेली इमारत आहे.
नातू सांगतो, जगभरचे फोटो, निरोप, हिशेब
आत साठवतात; काही पुसलं जात नाही.
थंड ठेवावं लागतं म्हणे ते सगळं.
बाहेर दिवसभर नुसती घरघर.

महिन्यातून एकदा कोपरखैरण्याहून रिक्षा करून जातो.
उतार अजून तसाच आहे;
टँकरमधून सांडलेलं पाणी खाडीकडेच धावतं.
परवा गार्डनं रजिस्टर पुढे केलं, पोरगाच होता.
नाव. कुठून आलात. कुणाला भेटायचंय.
तिसऱ्या रकान्यात मी लिहायला लागलो,
मढवी, मिस्किटा, नागप्पन,
रकाना पुरेना.

वेळ किती लागेल, बाबा?
चार मिनिटं, म्हटलं.

आत नाही सोडता येणार, म्हणाला,
जरा ओशाळून.
नकोच सोडूस.
आमचा गोल फाटकाच्याच बाजूला होता.
खेळ सगळा
इकडेच व्हायचा.