बाकी

थरथर नंतर आली.
आधी खसखस करपली.

टिमकीच्या आमच्या भोजनालयात धूर कोंडला,
शेजारची निर्मला खोकत दारात आली,
आणि बाबा उलथनं धरून तव्याशी तसेच उभे :
"कायचा वास? मले तर काहीच येऊन नाही राहिला."
चाळीस वर्षं सावजी मसाला
नाकानं मोजलेला माणूस.
आम्ही म्हटलं, सर्दी.

मग उधारीच्या वहीत
ओळीच्या सुरुवातीला 'मटण' ठसठशीत,
आणि शेवटचं 'बाकी' मुंगीएवढं.
मी ओरडले, शाई वाचवता का?
गिऱ्हाइकं म्हणायची, डोमाजी हसत नाही आजकाल,
पैसा आला की माणूस असाच होतो.
पैसा कुठं आला होता!

गोळीबार चौकातून घरी येताना
त्यांचा डावा हात हलायचा नाही,
रिकाम्या हातात पिशवी असल्यासारखा.
हे मी पाहिलं होतं. पाहून
भाजी निवडायला बसले होते.

मावशीनं दोरा बांधला. भाटव्यांनी तेल आणलं.
दोन हिवाळे गेले.

मेयोतून मेडिकलला पाठवलं.
चिठ्ठीसाठी पहाटेपासून रांग, नंबर एकशे बारा.
डॉक्टर गहाणे, माझ्याहून लहान पोरगी,
म्हणाली, "बाबा, अंगठ्यावर बोट आपटा.
मोठं, मोठं, थांबू नका."
बोटं वहीसारखीच निघाली :
पहिल्यांदा ठसठशीत, मग बारीक, मग मुंगी.
तिनं कोपर वाकवून पाहिलं,
गंजलेल्या रहाटासारखं ते अडत अडत आलं.
मग सहज विचारलं, "वास येतो का हो यांना?"
मी भिंतीकडे पाहिलं.

"गोळीनं हात मोकळा होईल," ती म्हणाली,
"आजार जाणार नाही."
दोन्ही वाक्यं एकाच आवाजात.
त्या आवाजासाठी मी तिला
अजून मनातल्या मनात हात जोडते.

आता मोबाईल वाजतो तीनदा.
गोळी जेवणाच्या तासभर आधी,
मटणासोबत तर नाहीच, तिचा जोर कमी होतो म्हणे.
आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायची नाही.
सावजीच्या घरात मटणाला थांबायला लावणारी
ही पहिलीच.

तरी उंबऱ्यापाशी पाय चिकटतात.
फरशीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या,
पट्टी ओलांडायची म्हणून पाऊल उचलायचं.
बाबा म्हणाले, "मी का लंगडी खेळून राहिलो?"
एकदा रागानं मी गंजावर पळी आपटली,
खट-खटाक, खट-खटाक,
आणि त्यांचा पाय उचलला गेला.
अकरा वर्षांचे असताना आजाच्या मागावर
पावडी मारायचे ते. कोष्ट्याचा पाय.
माग कधीच मोडीत गेला,
पायाला कोणी सांगितलं नव्हतं.

रोज जमत नाही. कधी पळी आपटून आपटून
माझाच हात दुखतो, आणि ते दारातच उभे.

मसाला मी भाजते. ते स्टुलावर बसून
रंगावरून सांगतात, "आता. उतरव."
काल गोळीनंतरच्या दुपारी वही मागून घेतली,
लिहिलं : निर्मला, एक रस्सा, बाकी तीस.

'बाकी' वाचता आलं.