सामासिक अंतर

नियमावलीच्या मसुद्याला दोनशे सहा हरकती आल्या.
मी आरेखक. माझं काम रेघा ओढायचं,
पण बारनिशीच्या बाई रजेवर, म्हणून
पाकिटं फोडून क्रमांक टाकणं माझ्या टेबलावर आलं.

बहुतेक छापील. कुणीतरी वाटलेला एकच मजकूर,
खाली निरनिराळ्या सह्या, अंगठे,
एकावर वरणाचा डाग.

एक्केचाळिसावी घणसोली गावठाणातून,
जोमा पदाजी मढवी:
भावाच्या गच्चीवरील टॉवर त्वरित काढावा,
त्याची घरघर माझ्या उशाशी येते
आणि भाडे फक्त त्याला.

बेचाळिसावी त्याच भावाची, हसुराम पदाजी मढवी:
टॉवर आहे तिथेच ठेवावा.
जागेचा पोटहिस्सा करून द्यावा,
म्हणजे कोणाचे छप्पर कोणाचे ते कागदावर येईल.

पोटहिस्सा.
असे शब्द सरकारात कुठून येतात कोण जाणे.
जमिनीला पोट असतं
हे कुठल्यातरी कारकुनानं उपाशीपोटी ओळखलं असणार.

दोन्ही अर्जांत अक्षर एकच, डावीकडे कललेलं.
दोन्हींत 'सामासीक आंतर' असंच चुकलेलं.
मी कागद ट्यूबलाइटखाली धरले:
वहीच्या मधल्या पानाचे दोन भाग,
एकाच्या फाटक्या कडेचे दात
दुसऱ्याच्या कडेत नेमके बसत होते.

सुनावणी तिसऱ्या मजल्यावर. एसी बंद.
उपसंचालक बाईंनी नवे नियम वाचले:
दोन घरांमध्ये दीड मीटर मोकळं,
मनोऱ्याला अभियंत्याचा दाखला, शेजाऱ्याची संमती,
ठरल्याहून लहान तुकडा पाडायचा नाही.

जोमा उठला. "बाई, दीड मीटर कशाला?
नऊ वर्सं आमी एकमेकांशी बोलत नाय.
अंतर सोडलंय आमी."
कुणी हसलं. बाई हसल्या नाहीत.

हसुरामनं टोपी काढून मांडीवर ठेवली.
"टावर माज्या डोक्याव, आन् रेंज माज्याच घरात नाय.
पोराचा फोन मस्कतवरनं येतो,
तवा मी याच्या ओट्याव जाऊन बोलतो.
तिथं खुर्ची हाय."

"खुर्ची कोणाची?" बाईंनी विचारलं.
बराच वेळ पंखाच फिरत राहिला.
"माजी," जोमा म्हणाला, नकाशाकडे बघत.

मग बाईंनी दोन्ही अर्ज शेजारी शेजारी ठेवले.
"हे लिहिले कोणी?"
मागच्या बाकावरून शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उठली.
"मी. दोघांचे. बाबांचा आधी लिहिला."
बाबा कोणते ते तिनं सांगितलं नाही.
आम्हीही विचारलं नाही.
"आणि ते 'सामासिक' आहे, पहिली वेलांटी."
"हो मॅडम," ती म्हणाली, आणि तळहातावर लिहून घेतलं.

शेऱ्याच्या रकान्यात दोघांपुढे एकच शब्द पडला: नोंद घेतली.
त्रेचाळिसाव्याला हाक गेली,
तो वाशीचा बिल्डर होता, चार वकील घेऊन आलेला.

संध्याकाळी ऑफिस रिकामं झाल्यावर
मी गावठाणाची शीट ओढून घेतली.
एकास पाचशेला दीड मीटर म्हणजे तीन मिलिमीटर,
एवढ्यात माझ्या पेनाचं टोक दोनदा मावतं.
पण या दोन घरांमध्ये ते तीनही नव्हते,
भिंतीला भिंत, मधे एक गटार
आणि जोमाचा ओटा त्या गटारावर आलेला,
म्हणजे नियमानं तोडायचाच.

खुणांच्या सूचीत विहीर आहे, हातपंप आहे,
देऊळ, विजेचा खांब,
मनोऱ्यासाठी यंदापासून नवा त्रिकोण.
खुर्चीसाठी काही नाही.

मी ओट्याच्या जागी पेन्सिलनं ठिपका ठेवला.
शाई भरायला मुदत तीस तारखेपर्यंत.