क्रमांक सहाशे बारा

भोपळ्याच्या रथाला चाकं चार,
कुरिअरच्या खोक्यातून निघाली साडेतीन.
उरलेलं अर्धं मी थर्माकोलच्या भुश्यात
रात्री अकरापर्यंत शोधलं,
हळकुंडं चाळायची चाळणी घेऊन.
चुरा निघाला. चिमूटभर, निळसर.

बुडाशी कोरलंय : ६१२ / १५००.
सोबत जाड कागदाचं प्रमाणपत्र, सोनेरी शिक्का,
कुणा परदेशी बाईची लफ्फेदार सही,
की असे रथ जगात पंधराशेच,
साचा फोडून टाकला आहे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहितो.
वक्कल, कट्टे, तोलाई, हमाली.
माझ्या वहीतून जातं ते सगळं पोत्यांनी जातं
आणि संध्याकाळी खराट्याने झाडलं जातं.
म्हणून असेल,
पंधराशेच, असं कुणी म्हटलं की मला
गर्दीत बसायला जागा मिळाल्यासारखं वाटतं.

कपाटात एकतीस आहेत.
शंभर वर्षं झोपलेली राजकन्या, कांद्याएवढी.
खडकावरची मत्स्यकन्या, शेपूट उन्हाने विटलेलं.
एक लांडगा, ज्याला वैजयंता
आमच्या शेठजींच्या नावाने हाक मारते.
काच आहे, काचेला कुलूप आहे,
तरी हळद शिरतेच कुठून तरी.
राजकन्येच्या गालावर एक बोट उमटलंय पिवळं,
माझंच.
पुसायला गेलो तर वैजयंता म्हणाली,
हळद लागलीय पोरीला, आता राहू द्या.

सातवीत शाळेने नेलं होतं थेटरात.
पन्नास पैसे, कार्टूनचा सिनेमा, इंग्रजी.
एक अक्षर कळलं नाही, बाकी सगळं कळलं.
भोपळा फुगला, वेली वळून चाकं झाली,
घोडे उधळले,
घड्याळाचा काटा बाराकडे निघाला
आणि रीळ जळलं.
पडद्यावर तपकिरी फोड आला, पसरत गेला.
पाटणे गुरुजी उठून म्हणाले, चला, रांग करा.
पुढची पंधरा-वीस वर्षं
माझा रथ धावतच होता.
शेवट कळला तो मुलीच्या पुस्तकातून.
ती मोठ्याने वाचत होती.
मी उठून पाणी प्यायला गेलो.

मिरजेत सतारी करणारे दस्तगीर मिस्त्री.
माळ्यावर भोपळे टांगलेले, धुरकट, मोठमोठे,
तुणीच्या भुश्याचा वास.
त्यांनी रथ तळहातावर घेऊन फिरवला.
"कच्चा तोडलाय ओ ह्यो. देठ बघा की.
आमचा वाळतोय वाळतोय, मग बोलतोय."
मी म्हटलं, चिनी मातीचा आहे.
"असू दे. भोपळा त्यो भोपळा."
टिचकी मारली, कानाशी धरला,
बराच वेळ काही बोलले नाहीत.

मुंबईच्या एका संग्राहकाला मी फोन केला होता.
तो म्हणाला, जोडकाम केलंत तर किंमत पाव,
प्रमाणपत्र चहाच्या कपाखाली ठेवा.

आठ दिवसांनी गेलो.
चाक तयार. तुणीचं, लाखेचं पाणी दिलेलं,
आऱ्या सुईएवढ्या.
किती द्यायचे, विचारलं.
मिस्त्रींनी खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला,
यार्डात पूर्वी सौद्याला टाकायचे तसा,
आणि आतून दोन बोटं दाबली.
दोनशे की दोन हजार, मला उमजेना.
तीस वर्षं मी आकडे लिहितोय बाहेर बसून,
रुमालाच्या आत कधी हात गेला नव्हता.
मी पाकीटच पुढे केलं. त्यांनी त्यांचं घेतलं.
किती घेतलं, मोजलं नाही.
वहीत लिहिलंय : ६१२, एक चाक लाकडी.
भावाचा रकाना कोरा.

परतताना सिटी बसमध्ये रथ मांडीवर.
विश्रामबागच्या चौकात गचका बसला
आणि चाक फिरलं.
बाकीची तीन फिरणारी नव्हतीच कधी,
साच्यातून आलेली, अंगाला चिकटलेली.
हे एकच फिरतं.
स्टँड येईपर्यंत
मी बोटाने फिरवत बसलो.